बर्नीसाठी केलेली जागा

२० जानेवारी

हरलो. तेही घरच्या मैदानावर, टोलेडोच्या आपल्या माणसांसमोर. शेवटच्या डावात चेंडू माझ्या हातात होता, फेकायला एका श्वासाची सवड हवी होती, आणि तेवढ्यात डावीकडून कुणीतरी येऊन मला बर्फात आडवा केला. घोटा मुरगळला. तोंडात बर्फ, कानात शिट्ट्या. उठवायला बर्नी आला, नेहमीसारखा. "ऊठ रे, महागाच्या वस्तू अशा जमिनीवर टाकून ठेवत नाहीत," म्हणाला. मला हसू आलं. मग आत जाताना वरच्या रांगेतून एक म्हातारा ओरडला, "ग्रॅडी, पैसे परत दे," आणि ते हसू मावळलं.

दोन वर्षांपूर्वी मी करार केला, तेव्हा अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या सगळ्या क्वार्टरबॅकांत, म्हणजे माझ्यासारख्या चेंडू फेकणाऱ्यांत, तो सर्वांत मोठा होता. त्या संध्याकाळी हीच माणसं माझ्या घरासमोर गाड्यांचे हॉर्न वाजवत होती. त्यानंतर आम्ही एकही मोठा सामना जिंकलेला नाही. हे इथे लिहितो, कारण दुसरीकडे बोलायची सोय नाही. सगळा खेळ ज्याच्या हातून चालतो त्याने चेहरा पडू द्यायचा नसतो. पाय उशीवर ठेवून बसायला सांगितलंय, म्हणून ही वही.

२४ जानेवारी

दर गुरुवारी माझ्या पुढच्या फळीतले पाचही धिप्पाड गडी एकत्र जेवतात. मला तुडवायला येणाऱ्यांना अडवणं हे त्यांचं काम, म्हणून बिल माझं. सगळ्याच संघांत अशी रीत आहे. आजचं जेवण या हंगामातलं शेवटचं. एरव्ही फासळ्यांची ताटं येईपर्यंत टेबलावरचे पाव संपलेले असतात, आज पाव तसेच राहिले.

बर्नी माझ्या समोर बसला होता. बर्नी म्हणजे बर्नार्ड सोबोलेव्स्की, आमचा सेंटर, फळीच्या मधोमध वाकून दोन पायांमधून चेंडू मागे माझ्या हातात देणारा. आठ वर्षं आमचा प्रत्येक डाव त्याच्या हातून सुरू झालाय. त्याला घाम फार. पहिल्याच वर्षी मी कुरकुर केली की चेंडू बुळबुळीत येतो. तेव्हापासून तो पँटच्या मागे टॉवेल खोचतो, तान्ह्या बाळाची पावडर थापतो आणि मध्यंतरात पँट बदलतो. माझ्यासाठी एवढं मरीसानेही केलं नसतं, आणि ती माझी बायको आहे.

ताटं आली तसा बर्नी वेटरला म्हणाला, "आधी ग्रॅडीला वाढा. त्याचं झालं की उरलेलं आम्ही पाच जण वाटून घेऊ, आम्हाला सवय आहे." सगळे हसले. मी सगळ्यात जास्त हसलो. फक्त इझायाचं लक्ष नव्हतं. तो डावीकडचा गडी, बायको आणि जुळ्या पोरी जॉर्जियात, इथे नदीकाठी एका खोलीत एकटा राहतो. फोन मिठाच्या बाटलीला टेकवून पोरींना जेवताना बघत होता.

घरी आल्यावर ओक्लाहोमाहून आईचा फोन. तिने कुठेतरी ऐकलं की बर्नीला काढणार. एवढा श्रीमंत मालक, त्याला एक माणूस परवडत नाही का, म्हणाली. तिला समजावलं, की मालक कितीही श्रीमंत असो, सगळ्या खेळाडूंच्या मिळून पगाराला लीगने मर्यादा घातलीय. पातेलं तेवढंच. एकाने जास्त वाढून घेतलं की दुसऱ्याला कमी.

"म्हणजे तू," आई म्हणाली.

म्हटलं, आई, तो बाजारभाव आहे, त्यांनी दिला, मी घेतला. ती नुसतं बरं म्हणाली. आईचं बरं मला कधीच आवडत नाही.

खरं तर हे मलाही दिसतं. कराराच्या पहिल्या उन्हाळ्यात चेंडू पायाने मारणारा आमचा किकर गेला. मग बचावातले दोन जुने गडी गेले, त्यांच्या बायका मरीसाच्या वाढदिवसाला यायच्या. कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. आता बर्नी. वय तेहतीस, गुडघे कुरकुरतात, आणि त्याला सोडलं तर बऱ्यापैकी पगार वाचतो. पण तो इथलाच, पोलिश वस्तीतला, बाप काचेच्या कारखान्यात राबला. त्याला टोलेडोतून उपटलं तर तो जगायचा नाही. मी हे होऊ देणार नाही.

३ फेब्रुवारी

एरी सरोवर चांगलं गोठलंय. बर्नीने बर्फावर आपली लाकडी खोपटी नेऊन ठेवलीय. आत बुडाला भोक, दोन बादल्या उलट्या घालून बसायचं, आणि गळ सोडायचे. मी नुसती बडबड करतो, मासे तो पकडतो.

आज तो सारखा गुडघे चोळत होता. मधेच म्हणाला, "ग्रॅडी, इथून बाहेर पडावंसं तुला कधी वाटलं नाही?" मी म्हटलं, कधीच नाही, आणि तूही घाबरू नकोस, मी काहीतरी करतो. तो म्हणाला, तसं नाही, त्याचे जुने कोच आता फ्लोरिडातल्या एका संघात आहेत, नाताळात त्यांचा फोन आला होता, तिकडे म्हणे जानेवारीत लोक अर्ध्या चड्डीवर फिरतात. म्हटलं, तुझा घाम बघता तू तिकडे आठवड्यात विरघळशील. मग त्या कोचचं एक जुनं प्रकरण मला आठवलं आणि ते सांगण्यात माझा तास गेला. बर्नीला अजून काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं, पण तेवढ्यात गळाला मासा लागला.

११ फेब्रुवारी

ड्रेसरसाहेबांनी जेवायला बोलावलं. संघात कोण राहणार, कोण जाणार, कुणाला किती, हे सगळं त्यांच्या हातात. नेहमीचं हॉटेल, नेहमीचं मशरूमचं सूप. त्यांनी सूप संपवून मग विषय काढला. माझा यंदाचा पगार त्यांनी मला आत्ताच एकरकमी द्यायचा, करार दोन वर्षं वाढवायचा, आणि संघाच्या हिशेबात तो बोजा पुढच्या सगळ्या वर्षांवर पसरायचा. माझा एक डॉलरही कमी होत नाही आणि यंदाच्या मर्यादेत मोठी जागा मोकळी होते.

मी विचारलं, मग बर्नीचं काय?

"बर्नी?" ते म्हणाले. "बर्नी या संघाचा कणा आहे, ग्रॅडी."

मला एवढंच ऐकायचं होतं. टेबलाखाली पाय दुखत होता तरी उठून त्यांचा हात धरला.

संध्याकाळी लॉइडला फोन केला. लॉइड माझे करार बघतो, जास्त शिकलेला आणि कायम सुतकी. तो म्हणाला, "पैसे आज घेशील, ओझं पुढे साठत जाईल. उद्या तू त्यांना नकोसा झालास तरी ते तुला सोडू शकणार नाहीत, आणि ते तुला नकोसे झाले तरी दुसऱ्या कुणाला तू परवडणार नाहीस. लग्नात निदान घटस्फोट तरी असतो." म्हटलं, मला जायचंय कुठे? मग तो म्हणाला, बर्नीबद्दल ते नेमकं काय बोलले ते शब्द न शब्द सांग. सांगितलं. "एवढंच?" म्हणाला आणि फोन ठेवला.

मरीसाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बर्नीला विचारलंस?"

त्यात विचारायचं काय? बुडणाऱ्याला हात देताना कुणी आधी परवानगी घेतं का?

१४ फेब्रुवारी

सही केली. तिथून निघालो तो पोलिश बेकरीतून सगळ्यात मोठा केक घेतला आणि थेट बर्नीच्या दारात.

दार बर्नीच्या बायकोने, डिआनने उघडलं. आत पायरीशी पुठ्ठ्याची खोकी रचून ठेवली होती, चर्चला जुने कपडे द्यायचे असतील. मी बर्नीला सोफ्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं.

"हे तू माझ्यासाठी केलंस?"

"तुझ्याचसाठी."

"ड्रेसर काय म्हणाला माझ्याबद्दल?"

"तू कणा आहेस म्हणाला."

त्याने डिआनकडे बघितलं. ती केक कापायला म्हणून आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा डोळे लाल. कांदा चिरत होते, म्हणाली. एवढी वर्षं ओळखतो तिला, भावना दाखवायला लाजते बिचारी. बर्नीने मला दारापर्यंत सोडलं, मिठी मारली, आणि एवढंच म्हणाला, "तू मनाने चांगला आहेस, ग्रॅडी." दोन वर्षांपूर्वी मोठ्या करारावर सही केली त्या दिवशीसुद्धा मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

१५ मार्च

शहर पेटलंय. रोमेलो बँक्स आला. लांबचा चेंडू झेलण्यात त्याच्याइतका चपळ माणूस लीगमध्ये दुसरा नसेल, आणि तो आता माझे चेंडू झेलणार. दुकानांबाहेर त्याच्या जर्सीसाठी रांगा. पैसे कुठून आले असं लॉइडला विचारलं तर म्हणाला, तुझ्याच सहीतून. मी जरा गांगरलो. ड्रेसरसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, बर्नी आहे की यादीत. मी यादी बघितली, आहे.

याच आठवड्यात फ्लोरिडातल्या त्या संघाने दुसरा सेंटर घेतला, दोन वर्षांसाठी. बर्नीला मुद्दाम कळवलं, की तुझ्या कोचना माणूस मिळाला, आता ते तुझ्या मागे लागणार नाहीत. "हो, सुटलो," तो म्हणाला. आवाज बसला होता त्याचा. मरीसा म्हणते डिआन हल्ली तिचे फोन घेत नाही. उन्हाळ्याची साफसफाई चालू असेल.

२७ एप्रिल

कॉलेजच्या पोरांच्या निवडीत आमच्या संघाने सेंटर उचलला. कीगन म्यूलर, आयोवाचा, मानच नाही त्याला, डोकं थेट खांद्यावर. ड्रेसरसाहेब म्हणतात हा भविष्यासाठी, आणि त्याला शिकवायला बर्नीपेक्षा चांगला कोण? मलाही पटलं. बर्नीला चिडवलं, की आता मास्तर झालास, छडी घेऊन ये. तो म्हणाला, छडी कशाला, त्याला सगळं नीट शिकवतो.

१० ऑगस्ट

शिबिरात उन्हाने अंगाची लाही होतेय. बर्नी कीगनला खरोखर सगळं शिकवतोय. समोरच्यांचे पाय कसे वाचायचे, माझा आवाज गर्दीत कसा ओळखायचा, चेंडू माझ्या तळव्यात नेमका कुठे बसला पाहिजे. आज बघितलं तर त्याला टॉवेल कसा खोचायचा हेही दाखवत होता. मला जरा कसंतरीच झालं. का ते कळलं नाही, पाणी कमी प्यायलो असेन.

कुटुंबांना बोलावण्याचा दिवस होता. डिआन कुंपणापाशी एकटी उभी होती. मी गेलो. ती म्हणाली, "ग्रॅडी, तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही?"

"काय विचारायचं?"

"काही नाही. ऊन फार आहे," म्हणाली आणि गाडीकडे गेली.

२८ ऑगस्ट

शेवटच्या कापाकापीचा दिवस. सकाळी कपाटांच्या खोलीत एक माणूस येतो, खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "टॅब घेऊन वर चल." टॅबमध्ये आपले सगळे डाव असतात, ते परत करायचे आणि घरी जायचं. तो आला की सगळे बूट बांधायला खाली वाकतात. आज मी वाकलो नाही, मला कशाची भीती? तो माझ्यासमोरून गेला आणि बर्नीपाशी थांबला.

बर्नीने पावडरचा डबा कीगनच्या स्टुलावर ठेवला, इझायाच्या डोक्यावर टपली मारली आणि गेला.

मी जिन्यावरून धावत ड्रेसरसाहेबांकडे. म्हटलं, तुम्ही शब्द दिला होता. ते शांतपणे म्हणाले, कधी? म्हटलं, कणा म्हणाला होतात. "होताच तो," ते म्हणाले. मग मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाले की खरं तर तुझ्यामुळेच त्याला इतके दिवस ठेवता आलं, नाहीतर फेब्रुवारीतच गेला असता.

हे ऐकून मला थोडा धीर आला. संध्याकाळी बर्नीच्या घरी गेलो आणि तेच सांगितलं, की वाईट वाटून घेऊ नकोस, माझ्यामुळे निदान अर्धं वर्ष जास्त मिळालं. तो दाराच्या चौकटीत उभा होता. आत ये म्हणाला नाही.

"घरी जा, ग्रॅडी," म्हणाला, आणि दार हळूच लावलं. आपटलं असतं तर परवडलं असतं.

७ ऑक्टोबर

पुन्हा हरलो. कीगन वाईट पोरगा नाही, पण समोरच्यांनी जागा बदलल्या की तो गोंधळतो, आणि तो गोंधळला की माझ्या बरगड्यांवर कुणीतरी येऊन बसतं. चेंडूही ओला येतो. पावडरीचा डबा तसाच भरलेला आहे, त्याला लाज वाटते म्हणे. रोमेलो दर डावानंतर हात पसरून आकाशाकडे बघतो. चेंडू त्याच्यापर्यंत पोचायला आधी मी उभा राहिलो पाहिजे, हे त्याला कोण सांगणार? इझाया मोडलेल्या बोटाने खेळतोय. पोरींचा वाढदिवस त्याने स्टेडियमच्या पार्किंगमधून, फोनवर साजरा केला.

आमच्या गल्लीच्या तोंडावर माझ्या चेहऱ्याचा मोठा फलक आहे. खाली लिहिलंय, "आमचा, कायमचा." रोज गाडी काढली की तो समोर येतो. आज मासळीच्या दुकानात गेलो तर बाईने पैसे घेतले, मासे बांधले, आणि माझ्याकडे बघितलं नाही. पूर्वी फुकट द्यायची.

बर्नीला कुठेच काम मिळालेलं नाही. ऑगस्टच्या शेवटी कुणाकडे ना जागा असते ना पैसे. फ्लोरिडावाल्यांनी मार्चमध्ये दुसरा घेतला नसता तर तिकडे जमलं असतं. नशीब एकेकाचं.

२१ ऑक्टोबर

लॉइडला स्पष्ट सांगितलं, मला इथून काढ. कुठेही पाठव. आज इंजेक्शन घेऊनही श्वास घेताना दुखतं.

लॉइड म्हणाला, "कुठे पाठवू? तुला दुसरीकडे दिलं तर साठवलेलं सगळं ओझं टोलेडोवर एका दिवसात कोसळेल. अर्धा संघ विकावा लागेल त्यांना. तुला बसवूही शकत नाहीत, सोडूही शकत नाहीत, देऊही शकत नाहीत." म्हटलं, किती वर्षं? त्याने सांगितलं. तेव्हा मी सदतीस वर्षांचा असेन.

माझ्याकडे तळ्याकाठी घर आहे, दोन गाड्या, एक बोट आहे, आणि मला गुदमरायला होतंय. हे कुणाला सांगायचीही चोरी. एवढ्या पैशांवर रडणाऱ्याला कोण डोळे पुसायला येईल? मरीसा मात्र आज बाजूला येऊन बसली, काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं, कारण ती काय बोलली असती ते मला माहीत आहे.

१८ नोव्हेंबर

कीगनचा पाय मोडला. वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण आज दुपारी कपाटांच्या खोलीत आलो तर जुन्या जागेवर बर्नी. या काळात दुसरा सेंटर मिळेना म्हणून ड्रेसरसाहेबांनी त्याला बोलावलं, आठवड्याच्या बोलीवर, लीगमधल्या कमीत कमी पगारात. मी धावत जाऊन त्याला मिठी मारली. तो म्हणाला, "जपून, बरगड्या तुझ्या आहेत." वजन उतरलंय त्याचं. पावडरचा डबा कीगनच्या कपाटातून काढून त्याने आपल्या कपाटात ठेवला. सगळं पूर्वीसारखं होणार, मला आतून वाटतंय.

२४ नोव्हेंबर

जिंकलो. कितीतरी आठवड्यांत पहिल्यांदा मी सामना संपल्यावर उभा होतो. चेंडू कोरडा, तळव्यात नेमका बसणारा. एकदा तर बर्नी एकटा दोघांना अडवून उभा राहिला आणि मला फेकायच्या आधी बघायला वेळ मिळाला. रोमेलोने झेलला. स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी.

नंतर आम्ही दोघं बर्फाच्या पाण्याच्या टाक्यांत शेजारी शेजारी बसलो होतो. त्याचा गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला. मी एकदम खुशीत म्हटलं, बर्नी, काळजी सोड, फेब्रुवारीत मी पुन्हा सही करतो, तुझ्यासाठी पुन्हा जागा करतो.

तो पाण्याकडे बघत होता. म्हणाला, "माझ्यासाठी आता काही करू नकोस."

"का रे?"

"गेल्या फेब्रुवारीत मी ड्रेसरकडे गेलो होतो. तू त्याच्याबरोबर जेवलास त्याच्या आदल्या दिवशी. म्हटलं, मला आत्ताच मोकळं करा. त्याला जागा हवीच होती, तो हो म्हणाला. फ्लोरिडात कोच थांबले होते, दोन वर्षांसाठी. डिआनने तिकडच्या शाळेत नोकरी बघून ठेवली होती. माझे गुडघे या थंडीत उरले नाहीत, ग्रॅडी. आम्ही खोकी भरत होतो. आणि तू केक घेऊन आलास."

म्हटलं, मग बोलला का नाहीस?

"मी अजून टोलेडोचा असताना नियम मोडून दुसऱ्या संघाशी बोललो हे बाहेर फुटलं असतं तर कोचची नोकरी गेली असती. आणि केकच्या दुसऱ्या दिवशी ड्रेसर म्हणाला, ग्रॅडीने तुझ्यासाठी एवढं केलंय, आता तुला कसा सोडू? लोक काय म्हणतील?" त्याने सुजलेल्या गुडघ्यावरून हात फिरवला. "आणि तू एवढा खुशीत होतास. या इमारतीत तुला नाही कोण म्हणतं? मालक म्हणत नाही. मी कोण?"

"मी विचारायला हवं होतं," मी म्हटलं.

"हो," बर्नी म्हणाला.

मग तो कठड्याला धरून उठला, टॉवेल गुंडाळला आणि लंगडत गेला. मी पाण्यात बसून राहिलो. पाय बधिर झाले तरी निघावंसं वाटेना. माझ्या मित्राचं घर मी केक देऊन मोडलं. आणि ऑगस्टमध्ये त्याच्याच दारात उभा राहून उपकारही सांगितले. खोकी पायरीशी होती, मी ती ओलांडून आत गेलो होतो.

विचारायला हवं होतं. एवढीच चूक, पण केवढी. यापुढे विचारल्याशिवाय कुणासाठी काही करायचं नाही.

३० डिसेंबर

हंगाम संपला. बाहेर पडलो, मोठ्या सामन्यांच्या जवळपासही नाही. बर्नीचा गुडघा परत आल्यानंतरच्या तिसऱ्या सामन्यात गेला. आता तो खेळणार नाही. डिआनसाठी बघितलेली ती नोकरी केव्हाच दुसऱ्या कुणाला मिळाली. ते इथेच राहणार. त्याने सरोवरावर खोपटी नेलीय. मला बोलावलं नाही, मीही गेलो नाही.

१६ जानेवारी

ड्रेसरसाहेबांनी जेवायला बोलावलं. तेच हॉटेल, तेच सूप. या वेळी इझायाचा विषय. त्याचं एक वर्ष उरलंय पण पगार फार, जागा झाली नाही तर त्याला सोडावा लागेल. मी सही केली, दोन वर्षं आणखी वाढवली, तर जागा होईल.

"इझाया या संघाचा कणा आहे," ते म्हणाले.

माझा चमचा वाडग्यातच राहिला. पण करणार काय? नाही म्हटलं तर डाव्या बाजूला कोण उभा राहणार? मार मीच खाणार. आणि मी तर इथून हलूच शकत नाही. आतल्या माणसाला बाहेरून आणखी एक कडी लावली तर त्याला काय कळणार? सदतिसाचे एकोणचाळीस. या वेळी मात्र मी शहाणा झालो होतो. म्हटलं, साहेब, आधी इझायाला विचारतो. ते म्हणाले, अवश्य विचार.

१७ जानेवारी

सकाळी बेकरीत जाऊन आलो. मग जॉर्जियात इझायाला फोन लावला. मागे पोरींचा दंगा चालू होता, कुणीतरी पियानो बडवत होतं. मी सरळ विचारलं. म्हटलं, अगदी मनातलं सांग, तुला टोलेडोत राहायचंय का? तुझ्यासाठी मी सही करतोय.

त्याच्या बायकोने मागून विचारलं, कोण आहे? तो म्हणाला, ग्रॅडी आहे. त्याबरोबर तिकडे सगळं शांत झालं. पियानोसुद्धा.

"तुम्ही म्हणताय म्हटल्यावर राहीन की," इझाया म्हणाला.

"तसं नाही. तुझी इच्छा सांग."

"हो सर. माझीच इच्छा."

मला किती हलकं वाटलं ते लिहिता येणार नाही. दुपारी सही केली. लॉइडने फोनवर नुसता सुस्कारा टाकला. मग धीर करून बर्नीला फोन लावला. तो खोपटीत होता, वाऱ्याचा आवाज येत होता. म्हटलं, बर्नी, तू सांगितलंस ते लक्षात ठेवलं, या वेळी आधी विचारलं.

पलीकडून गळ पाण्यात सोडल्याचा आवाज आला.

"तो हो म्हणाला असेल," बर्नी म्हणाला.

"लगेच."

"बरं." आईसारखं बरं. मग म्हणाला, "ग्रॅडी, त्याला केक मात्र पाठवू नकोस."

पण केक तर सकाळीच जॉर्जियाला रवाना झाला होता.